नवख्या क्वार्टरबॅकसाठी बारा चाली

मी स्वतः अमेरिकन फुटबॉल कधी खेळलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटेल की मला त्यातलं काही कळत होतं. साउथहॅम्प्टनच्या युनिव्हर्सिटीत मी दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या संघातलं माझं सगळं काम कागदावरचं होतं. हेल्मेट घातलेल्या अकरा जणांपैकी कोणी कुठे पळायचं, याची चित्रं मी काढायचो आणि मैदानाच्या कडेला फाईल घेऊन उभा राहायचो. थंडीत बोटं आखडायची, पण फाईल मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी तो खेळ इथल्या, इंग्लंडातल्या पोरांच्या डोक्यात एकदम शिरला होता. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर तासभर अमेरिकेतल्या सामन्यांचे निवडक तुकडे दाखवायचे. तेवढ्या एका तासाच्या जोरावर युनिव्हर्सिट्यांमध्ये क्लब उभे राहिले. खेळ समजायला तसा अवघड नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू एकाच माणसाच्या हातात येतो, तो क्वार्टरबॅक. तो दोन पावलं मागे सरतो आणि पुढे पळत सुटलेल्या आपल्या माणसाकडे चेंडू फेकतो. त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात समोरचे त्याला आडवा करायला धावत येतात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील ब्रिस्टलला विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर होते आणि आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत. दोघांनी मला कधी मारलं नाही, रागावलेही फारसे नाहीत. एकच गोष्ट सांगितली, ती मात्र पुन्हा पुन्हा: मिळालेली संधी वाया घालवायची नाही. मी ती इतकी मनावर घेतली की पहिल्या वर्षी एकही लेक्चर बुडवलं नाही, ताप असतानासुद्धा. माझ्या शेजारी बसणारा मुलगा निबंध आठ-आठ दिवस उशिरा द्यायचा. ट्यूटरकडे जाऊन मुदत वाढवून मागता येते, हे त्याला माहीत होतं. मला ते दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं. छापलेली तारीख म्हणजे तारीख, असं मला वाटायचं.

त्या सप्टेंबरात आईचा फोन आला.

"अरे, बेसिंगस्टोकच्या मावशींचा मुलगा तुझ्याकडेच येतोय. कॉम्प्युटरला. लक्ष ठेव जरा."

"ठेवतो."

"नुसतं ठेवतो म्हणू नकोस. त्या रडत होत्या फोनवर."

"ॲडमिशन मिळाली ना? मग रडतात कशाला?"

"त्याला यायचंच नाहीये."

या मावशी नात्याच्या नव्हेत. आमच्यासारखी दहा-बारा घरं वर्षातून तीन-चारदा कुठल्यातरी भाड्याच्या हॉलमध्ये जमायची. आधी बुद्धवंदना व्हायची, मग जेवण, आणि मग मुलांच्या मार्कांची चौकशी. त्या चौकशीत मी नेहमी पुढे आणि मावशींचा मुलगा खुर्च्यांच्या थप्पीमागे. माझ्याहून वर्षाने लहान, बुटका, गप्प. त्याच्या घरातूनही युनिव्हर्सिटीत येणारा तोच पहिला. त्याचे वडील एका गोदामात सामान चढवायचे-उतरवायचे.

पहिल्या आठवड्यात मी त्याच्या खोलीवर गेलो. बॅग पलंगावर होती तशीच, चेन लावलेली.

"माझा आईने फोन केला ना तुला?" त्याने विचारलं. त्याचं मराठी तसंच होतं. माझंही फार बरं नव्हतं, पण मला निदान आपलं चुकतंय हे कळायचं.

"बॅग उघडली नाहीस?"

"फ्रायडेला घरी जातो मी. मग कशाला उघडायचा?"

"दर शुक्रवारी?"

"दादा, इकडे कोणी बोलत नाही. किचनमध्ये सगळे आधीच एकमेकांना ओळखतो. मी गेलो की गप्प होतात. मी टोस्ट घेऊन रूममध्ये येतो."

"हळूहळू होतं."

"डॅड म्हणतो, ख्रिसमसपर्यंत बघ. नाही जमलं तर वेअरहाऊसमध्ये जॉब आहे, त्याच्याबरोबर." हे सांगताना त्याचा चेहरा जरा सैल झाला. त्याला गोदामाची भीती वाटत नव्हती. आम्हाला वाटत होती.

मावशींशी मी फोनवर बोललो. त्या म्हणाल्या, "ख्रिसमसची सुट्टी संपल्यावर एकदा का तो परत होस्टेलवर गेला ना, की मग राहील. तेवढा टिकव रे बाळा. तुझं ऐकतो तो."

तो माझं ऐकतो, हे मला तेव्हा बरं लक्षण वाटलं.

आमचा सराव बुधवारी दुपारी असायचा, कॉमनवर, म्हणजे गावाच्या मोठ्या मोकळ्या मैदानावर. मी त्याला तिथे नेलं ते फक्त खोलीतून बाहेर काढायला. तो टोपीवाल्या जाकिटाच्या खिशात हात घालून माझ्याशेजारी उभा होता. चेंडू घरंगळत आमच्याकडे आला. त्याने तो उचलला, जरा वजन बघितलं आणि परत फेकला. शाळेत तो क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थ्रो करायचा, एवढंच मला माहीत होतं. चेंडू स्वतःभोवती फिरत, जराही न डळमळता, अर्ध्या मैदानापलीकडे एकाच्या छातीवर जाऊन आदळला. तो माणूस बसकण मारून खाली बसला.

कॅप्टन माझ्याकडे चालत आला. तो वेल्सचा, जहाजबांधणी शिकायचा. दारातून त्याला तिरकं होऊन आत यावं लागे. क्वार्टरबॅकच्या पुढ्यात वाकून त्याच्या हातात चेंडू देण्याचं काम त्याचं.

"प्रोफेसर," मला सगळे असंच म्हणायचे, "हा कुठे लपवून ठेवला होतास?"

"तो खेळाडू नाहीये. कॉम्प्युटर शिकतो."

"आपल्यातला कोण खेळाडू आहे? गेल्या वर्षीचे स्कोअर बघितलेस ना?"

आमचा आधीचा क्वार्टरबॅक डिग्री घेऊन निघून गेला होता. त्याच्या जागी एका हॉकीवाल्याला उभं केलं होतं. त्याचा चेंडू हवेत जखमी कबुतरासारखा जायचा. कॅप्टनने मावशींच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "शनिवारी-रविवारी इथे असतोस का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "असू शकतो."

त्या क्षणी माझ्या मनात संघ नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी एक बॅग खोलीतच राहील, एवढंच होतं. संघाची आखणी मी त्या बॅगेसाठी केली. कॅप्टनला हे कधी सांगितलं नाही.

त्याला तीन अडचणी होत्या. पहिली उंचीची. त्याच्यापुढे आमचीच पाच धिप्पाड माणसं उभी असायची आणि त्यांच्या डोक्यांपलीकडचं त्याला दिसायचं नाही. दुसरी अशी की त्याने सामना कधी पाहिलेलाच नव्हता. तिसरी मला सगळ्यात जास्त कळायची: निवड करायची वेळ आली की तो गोठायचा. कॅन्टीनमध्ये सँडविच कुठलं, असं बाईने विचारलं की मागे रांग खोळंबायची आणि शेवटी तो माझ्याकडे बघायचा. खऱ्या क्वार्टरबॅकला एका चालीत तीन-चार माणसं दिलेली असतात. पहिला मोकळा नसेल तर दुसरा, नाहीतर तिसरा. मी ठरवलं, याला निवड करायलाच लावायची नाही.

माझ्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये व्हिडिओ होता. रविवारचा कार्यक्रम मी टेप करायचो आणि सोमवारी दुपारी, खोली रिकामी असताना, एकेक चाल थांबवून बघायचो. ड्रॉइंगच्या तासाचा ट्रेसिंग पेपर माझ्याकडे होता. तो मी टीव्हीच्या काचेवर लावायचो. काचेतल्या विजेमुळे तो आपोआप चिकटून राहायचा. थांबवलेलं चित्र थरथरायचं, खाली एक पांढरा पट्टा नाचायचा, आणि मी पेन्सिलीने घाईघाईने गोल काढायचो: हा इथे, हा इथे. सफाईवाल्या बाई एकदा म्हणाल्या, "काय रे राजा, डोळे बिघडलेत का तुझे? चष्मा घे." मी त्यांना समजावून सांगायला लागलो, तशा त्या झाडायचं मशीन चालू करून निघून गेल्या.

त्यातून मी बारा चाली निवडल्या. बाराही उजवीकडच्या. चेंडू मिळाला की त्याने उजवीकडे पळत सुटायचं, म्हणजे पुढच्या धिप्पाड भिंतीच्या बाहेर येऊन त्याला मैदान दिसेल. आणि प्रत्येक चालीत एकच माणूस. "तू बाकी कुणाकडे बघू नकोस. फक्त याच्याकडे. तो मोकळा झाला की फेक." हे मी प्रत्येक चित्राखाली इंग्रजीत लिहिलं, कारण त्याला मराठी वाचता येत नव्हतं. मोकळा होईपर्यंत वाट बघ. लाल शाईने. मला त्या फाईलचा फार अभिमान होता. आता खोटं बोलायचं नाही म्हणून सांगतो, निबंधांपेक्षाही जास्त.

आणि ते चाललं. हे मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, कारण पुढचं माहीत असताना चांगलं आठवणं अवघड जातं. तो कॅन्टीनच्या टेबलावर मीठ, मिरी आणि साखरेच्या पुड्या मांडून चाली पाठ करायचा. कॅप्टन साखरेची पुडी उचलून चहात ओतायचा आणि म्हणायचा, "तुझा झेलणारा गेला. आता काय करशील?" तो हसायचा. त्याच्या किचनमधला एकजण आमच्याच संघात होता, त्यामुळे टोस्ट आता किचनमध्येच खाल्ला जाऊ लागला. एका शुक्रवारी मी गेलो तर बॅग रिकामी होऊन कपाटावर गेली होती.

नोव्हेंबरातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सरावात सातवी चाल चालू होती. त्याचा ठरलेला माणूस चिखलात घसरून पडला. समोरचे दोघे अंगावर येत होते. त्याने क्षणभर बघितलं आणि चेंडू त्या पडलेल्या माणसाच्या बऱ्याच वरून, रेषेबाहेर फेकून दिला. मी शिट्टी वाजवली.

"हे काय केलंस?"

"तो पडली, दादा. कोणीच नव्हता."

"म्हणून फेकून द्यायचा? चारच प्रयत्न असतात. त्यातला एक फुकट घालवलास."

"पण मला पकडला असता त्यांनी."

"पकडू देत. तो उठला असता. वाट बघायची. आणि मुद्दाम रिकाम्या जागी फेकणं फाउल आहे, नियमात लिहिलंय." नियमांचं पुस्तक मी मागवून घेतलं होतं आणि अख्खं वाचलं होतं. संघात ते वाचलेला मी एकटाच.

"सॉरी, दादा."

"सॉरी नको. पुन्हा कर. आणि थांब."

त्याने पुन्हा केलं आणि थांबला. त्यानंतर कधी त्याने चेंडू बाहेर फेकला नाही. तो खरंच माझं ऐकायचा.

पहिला सामना आम्ही घरच्या मैदानावर हरलो, पण त्याच्या एका फेकीवर आमचा टचडाउन झाला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचला. गेल्या अख्ख्या वर्षात आमचे दोनच झाले होते. कॅप्टनने त्याला पोत्यासारखा खांद्यावर टाकून मैदानाला फेरी मारली. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. "काय केलंस रे तू? वीस मिनिटं बोलला माझ्याशी! एरवी हो-नाहीच्या पुढे जात नाही. जानेवारीतसुद्धा मॅच आहे म्हणत होता." जानेवारी हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

दुसरा सामना ब्रिस्टलला होता, डिसेंबरात, सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा. मिनीबसने गेलो. मैदान माझ्या घरापासून लांब नव्हतं, म्हणून मी वडिलांना सांगितलं होतं. ते येतील असं वाटलं नव्हतं. ते कारखान्याचं जाड जॅकेट घालून आले आणि माझ्याजवळ उभे राहिले.

"यात तुझं काय काम?"

"मी प्लॅन करतो. कोणी कुठे जायचं ते."

"म्हणजे साहेब?"

"नाही हो. साहेब तो तिकडे, कॅप्टन."

"मग वही तुझ्या हातात कशी?" असं म्हणून ते शेजारच्या अनोळखी इंग्रज माणसाकडे वळून हसले. मला ते आवडलं. मी फाईल जरा वर धरली.

समोरच्या संघाला आमचं गुपित कळायला दहा मिनिटं लागली असतील. आम्ही उजवीकडेच जातो. आणि आमचा क्वार्टरबॅक ज्याच्याकडे बघतो, चेंडू त्यालाच जातो. त्यांनी त्या एका माणसावर दोघे ठेवले आणि बाकीचे सरळ त्याच्या अंगावर पाठवले. तो उजवीकडे पळायचा, त्या माणसाकडे बघायचा, वाट बघायचा. माणूस मोकळा व्हायचा नाही. तो वाट बघायचा. मग दोघे-तिघे त्याला येऊन चिखलात गाडायचे. तो उठायचा, हेल्मेटच्या जाळीतला चिखल बोटाने काढायचा आणि पुढच्या चालीसाठी माझ्याकडे बघायचा.

कॅप्टन धावत कडेला आला.

"प्रोफेसर, डावीकडची एखादी दे."

"डावीकडची नाहीये."

"एकही?"

"एकही नाही."

"मग दुसरा माणूस दे त्याला. कोणीही. मीसुद्धा चालेन."

"तो एकाकडेच बघायला शिकलाय."

कॅप्टनने फाईलकडे एकदा पाहिलं. त्याच्या दाढीवरून पाणी गळत होतं. मग म्हणाला, "बरं," आणि परत गेला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मध्यंतरात मुलगा माझ्याकडे आला. कुबड काढून उभा होता.

"दादा, तो फ्री होत नाही."

"होईल. तू घाई करतोयस. अर्धा सेकंद जास्त थांब."

"ओके."

वडील हळूच म्हणाले, "अरे, त्याला काढ ना आता. पोराला लागतंय."

"काढलं तर तो परत खेळणार नाही, बाबा." आणि खेळला नाही तर राहणार नाही. ते मी बोललो नाही, पण मला दुसरं काहीच दिसत नव्हतं.

मध्यंतरानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या चालीत तो अर्धा सेकंद जास्त थांबला. हात वर, चेंडू कानाजवळ, नजर एका जागी. डावीकडून आलेल्या माणसाला त्याने पाहिलंच नाही. मुलगा खांद्यावर पडला आणि त्याच्यावर तो माणूस पडला. आवाज कडेपर्यंत आला.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, कॉलरबोन, उजवं. मैदानाबाहेर त्याला बसवलं, वडिलांनी आपलं जॅकेट त्याच्या अंगावर टाकलं आणि गाडी आणायला गेले. तेवढ्यात समोरच्या संघाला शिकवणारा माणूस चौकशी करायला आला. तो अमेरिकन होता, इथे वर्षभर शिकायला आलेला. मला म्हणाला, "हात सोन्यासारखा आहे त्याचा. पण एक समजलं नाही. त्याने एकदाही चेंडू बाहेर का फेकला नाही?"

"रिकाम्या जागी फेकणं फाउल आहे."

"रिकाम्या जागी नाही रे. आपल्या माणसाच्या दिशेनेच, पण डोक्यावरून, रेषेबाहेर. पंच काय म्हणणार? नेम चुकला म्हणेल. एक प्रयत्न जातो, माणूस वाचतो. आमच्याकडे लहान मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतात हे."

"टीव्हीवर कधी पाहिलं नाही."

तो हसला. कुचेष्टेने नव्हे. "टीव्हीवर कशाला दाखवतील? त्यात बघण्यासारखं काय आहे?"

मी मैदानाकडे बघत उभा राहिलो. इतके महिने मी काचेला कागद लावून ज्या चाली उतरवून घेतल्या होत्या, त्या सगळ्या यशस्वी झालेल्या होत्या. म्हणूनच तर त्या दाखवल्या होत्या. त्या खेळात बहुतेक वेळा काहीच जमत नाही आणि न जमणं निभावून न्यायची एक रीत असते, ही गोष्ट तासाभराच्या कार्यक्रमातून कापून टाकलेली होती. नियम मला पाठ होता. नियमाच्या आत माणसं कशी वावरतात ते मला माहीत नव्हतं. ते ज्यांच्या घरात आधी कोणी खेळलेलं असतं त्यांना माहीत असतं. आणि त्या मुलाला, कोणी न शिकवता, नोव्हेंबरात एकदा सुचलं होतं. मी शिट्टी वाजवली होती.

हॉस्पिटलमधून निघालो तेव्हा दुपार ढळली होती. हात गळ्यात बांधलेला, गोळ्यांनी चेहरा पांढुरका. वडील गाडी चालवत होते, आम्ही दोघे मागे. मग तो म्हणाला,

"दादा, मी अजून थोडा थांबला असता तर तो फ्री झाला असता का?"

मला उत्तर माहीत होतं. तीन तासांपासून माहीत होतं. तुझी चूक नव्हती, तुला बरोबर सुचलं होतं, मीच मोडून काढलं, एवढी तीन वाक्यं. पण पुढे वडील होते. त्यांनी आरसा जरा हलवला होता, मी त्यात दिसत होतो. सकाळी ते त्या अनोळखी माणसाकडे वळून हसले होते.

"आता त्याचा विचार करू नकोस," मी म्हटलं.

"म्हणजे झाला असता."

मी खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि त्यांचे यजमान आमच्या घरी येऊन त्याला बेसिंगस्टोकला घेऊन गेले. उजव्या हाताने लिहिता येत नव्हतं, टर्मचे दहाच दिवस उरले होते. सगळ्यांचं ठरलं की आता सुट्टीनंतरच जाईल. मावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू होतास म्हणून बरं," त्या म्हणाल्या. त्यानंतरच्या चार-पाच आठवड्यांत मी त्याला फोन केला नाही. करायचा असं रोज ठरवत होतो. काय बोलायचं ते कागदावरही लिहून काढलं होतं, इंग्रजीत, कारण मराठीत लिहिलेलं मलाच खोटं वाटत होतं.

जानेवारीत, टर्म सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, मावशींचाच फोन आला. आवाज आधीच बसलेला.

"तो येत नाही म्हणतोय रे. हाड जुळलंय, डॉक्टर म्हणाले जा. पण नाहीच म्हणतो. म्हणतो, माझ्यात ते नाहीये. दादाने सगळं सोप्पं करून दिलं होतं, फक्त एकाकडे बघायचं होतं, तेसुद्धा मला जमलं नाही. मग बाकीचं काय जमणार? तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकेल."

तो फोनवर आला. मागे टीव्ही चालू होता.

"हॅलो, दादा."

"कसा आहेस?"

"ठीक."

"ऐक. प्रॅक्टिसला तू एकदा बॉल बाहेर फेकला होतास. मी ओरडलो होतो. आठवतं?"

"हो."

"ते बरोबर होतं. तसंच करायचं असतं. तुझं काही चुकलं नव्हतं. मला ठाऊक नव्हतं ते. मी चुकीचं शिकवलं तुला."

टीव्हीवर कोणीतरी हसत होतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यांचा तो अमेरिकन कोच."

"कधी?"

मला खोटं बोलता आलं असतं. परवा पत्र आलं, असं काहीतरी.

"मॅचनंतर. तिथेच."

"म्हणजे कारमध्ये तुला माहीत होतं."

"हो."

"मी विचारला तेव्हा."

"हो."

त्याचा श्वास ऐकू येत होता. मी वाट बघत होतो की तो शिव्या देईल, निदान आवाज चढवेल. तो नेहमीसारखाच सौम्य बोलला.

"आईला देतो हं."

रिसीव्हर या हातातून त्या हातात गेला. मावशी उत्सुकतेने म्हणाल्या, "झालं बोलणं? काय म्हणाला? रविवारी आणून सोडू ना त्याला?"

"नाही, मावशी," मी म्हटलं. "त्याच्या खोलीतलं सामान मी बांधून ठेवतो."

मग त्यांनी विचारलं, खोके तिथे मिळतील का, की इथून आणू. यांच्या गोदामात हवे तेवढे आहेत, म्हणाल्या.